न पाहिलेल्या वखारीची जाहिरात

इ. स. 1639 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला कोरोमंडल किनाऱ्यावरील एका वालुकामय पट्ट्यावर वखार बांधण्याची परवानगी मिळाली आणि त्या वखारीच्या तटबंदीभोवती वाढत वाढत आजचे चेन्नई महानगर उभे राहिले. तेव्हा परक्याचा माल आपल्या छपराखाली सांभाळून ठेवण्याचा उद्योग या शहराला काही नवा नाही. फरक झाला आहे तो मालात. पूर्वीच्या वखारीत येई तो व्यापाऱ्याचा माल, कापडाच्या गठ्ठ्यांचा. आज शहराच्या कडेकडेच्या औद्योगिक वसाहतींतील पत्र्याच्या गोदामांत जो माल येऊन पडतो त्यातला बराचसा संसाराचा असतो. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एखाद्या संगणक कंपनीतून दोन वर्षांसाठी परदेशी रवाना झालेल्या तरुण दांपत्याचा पलंग आणि धुलाईयंत्र, मैलापूर किंवा टी. नगरमधील जुनी इमारत पाडून नवी बांधली जाईपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत दिवस काढणाऱ्या कुटुंबाची शिसवी कपाटे, नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर मांडायच्या आणि उरलेले वर्षभर कापसात गुंडाळून ठेवायच्या मातीच्या बाहुल्या, मृत वडिलांची पुस्तके. अशा वस्तूंचे मासिक भाडे घेऊन जतन करणे, हा सेल्फ स्टोरेज या नावाने रूढ झालेला व्यवसाय होय.

अमेरिकेत 1960 नंतरच्या दशकात टेक्सास प्रांतात या धंद्याचे आजचे रूप घडले. तेथे गिऱ्हाईक स्वतःची खोली घेतो, स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्ली खिशात घालून निघून जातो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी निराळी वहिवाट आहे. कंपनीचीच माणसे टेम्पो घेऊन घरी येतात, सामान बांधतात, खोक्यांना क्रमांक लावतात आणि गोदामात रचून ठेवतात; मालकाला आपले सामान पाहावयाचे असल्यास आगाऊ कळवावे लागते. या दोन पद्धतींतील जबाबदारी सारखी नाही. दुसऱ्या पद्धतीत माल प्रत्यक्ष गोदामवाल्याच्या ताब्यात दिलेला असल्यामुळे 1872 च्या भारतीय करार अधिनियमातील निक्षेपाची, म्हणजे परक्याचा माल ताब्यात घेऊन सांभाळण्याविषयीची, कलमे लागू होतात, आणि एखादा सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी परक्याच्या मालाची घेण्याचे कर्तव्य अंगावर येते. आपली सेवा या दोहोंपैकी कोणती, हे जाहिरातीतच स्वच्छ सांगितले पाहिजे. कारण जाहिरात लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या यंत्राकडे आता सर्रास सोपवले जाते ते यंत्र, मुद्दाम बजावले नाही तर, अमेरिकन नमुन्यावर मजकूर रचण्याचा आणि ‘हवे तेव्हा या, आपले कुलूप आपण उघडा’ असे आश्वासन बिनदिक्कत देऊन टाकण्याचा संभव फार.

या धंद्यात पडलेल्या, पडू पाहणाऱ्या, अथवा अशा धंद्यांच्या जाहिराती करून देणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे लेखन आहे. चेन्नईत असे वाचक थोडेथोडके नाहीत; तंजावरच्या भोसले दरबारामुळे दक्षिणेत स्थायिक झालेल्या घराण्यांचे वंशज, विटे-खानापूर भागातून सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त दक्षिणभर पसरलेली कुटुंबे, आणि अलीकडे नोकरीसाठी आलेली मंडळी, यांच्यातून नवे उद्योजक निर्माण होत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करू नका, असा उपदेश त्यांना करण्याचे प्रयोजन नाही. दोन-चार माणसांच्या जिवावर गोदाम चालवणाऱ्यास तमिळ, इंग्रजी, हिंदी अशा तीन भाषांत मजकूर तयार करणे, रात्री अकरा वाजता आलेल्या पृच्छेस उत्तर देणे आणि कोणत्या जाहिरातीवर खर्च केलेला पैसा फळाला आला याचा हिशेब मांडणे या साधनामुळे शक्य होते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हा व्यवसाय इतर दुकानदारीहून एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. कापड घेणारा कापड हाताळून पाहतो. सामान ठेवणारा मात्र आपली मालमत्ता नजरेआड करतो आणि पुढे वर्ष-दोन वर्षे केवळ शब्दांवर विसंबून राहतो. ते शब्द जर अशा यंत्राने रचले असतील, की ज्याने ते गोदाम कधी पाहिलेले नाही, तेथील पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकलेला नाही आणि दाराची उंची मोजलेली नाही, तर त्या शब्दांची खातरजमा प्रत्यक्ष जागेवर जाऊन करणारा एक जबाबदार इसम त्यांच्या मागे उभा असलाच पाहिजे. पुढील सर्व सूचना या एका तत्त्वातून निघाल्या आहेत.

सर्वप्रथम एक वही घालावी. कागदाची असो वा संगणकावरील. तिच्यात आपल्या गोदामाची वस्तुस्थिती लिहावी, आणि ती जाहिरात खात्याने न लिहिता गोदाम सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाने लिहून तिच्यावर तारखेसह सही करावी. जोते रस्त्यापासून किती फूट उंच आहे, छप्पर पत्र्याचे आहे की सिमेंटचे, कॅमेरे किती आहेत व त्यांचे चित्रण किती दिवस राखले जाते, वाळवीनाशक फवारणी शेवटची केव्हा झाली, रात्री पहारेकरी असतो की नसतो, वातानुकूलन सर्व भागांत आहे की एकाच दालनात, विमा कोणाचा, कशाचा आणि किती रकमेचा, पूर्वसूचना किती दिवसांची, सामान परत मिळण्यास किती दिवस लागतात, कोणता माल मुळीच घेतला जात नाही. हे सर्व त्यात यावे. यंत्राला मजकूर लिहावयास सांगताना हीच वही त्याच्यापुढे ठेवावी आणि ‘यात नाही ते लिहू नको’ असे निक्षून सांगावे. एवढे सांगूनही ते कधी कधी पदरचे घालते, कारण वाक्य शोभून दिसावे अशी त्याची घडण आहे, वाक्य खरे असावे अशी नाही. म्हणून तयार झालेला मजकूर वहीशी ओळीओळीने ताडून पाहावा. ‘अत्याधुनिक’, ‘संपूर्ण सुरक्षित’, ‘जागतिक दर्जाचे’ ही विशेषणे अशा तपासणीत आपोआप गळून पडतात, कारण वहीत त्यांना आधार सापडत नाही. आणि त्यांच्या जागी ‘जोते रस्त्यापासून चार फूट उंच’ असे वाक्य येते, तेव्हा जाहिरातीचे बळ कमी होत नाही, उलट वाढते, असे माझे मत आहे.

चित्रांच्या बाबतीत तर याहून कडक शिस्त हवी. शुभ्र भिंती, आरशासारखी फरशी, एका रंगाच्या दारांची लांबच लांब रांग, असे गोदाम आज कोणालाही निमिषार्धात निर्माण करता येते, आणि माधवरमच्या धुळीत उभ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या शेडचे छायाचित्र त्याच्यापुढे फिके दिसते, हे खरे. त्या मोहाचा परिणाम काय होतो याचे एक उदाहरण फेब्रुवारी 2024 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात घडले. मुलांसाठी चॉकलेटच्या अद्भुत नगरीची जाहिरात यंत्रनिर्मित चित्रांनी सजवून 35 पौंडांपर्यंत तिकिटे विकण्यात आली. कुटुंबे मुलांना घेऊन पोहोचली तेव्हा त्यांच्यापुढे एक जवळजवळ रिकामे गोदाम, थोडीशी तुटपुंजी सजावट आणि गोंधळलेले नट एवढेच होते. संतापलेल्या पालकांमुळे पोलिसांना पाचारण करावे लागले आणि कार्यक्रम पहिल्याच दिवशी बंद झाला. तेथे मुलांचा एक दिवस बुडाला. आपल्या धंद्यात मात्र चित्र पाहून लोक आयुष्यभराची मालमत्ता सोपवतात, आणि फसगत उघडकीस यावयास दोन वर्षे लागू शकतात. म्हणून गोदामाच्या जागेचे, दाराचे, कॅमेऱ्यांचे, रचलेल्या सामानाचे चित्र हे नेहमी आपल्याच गोदामाचे, अलीकडचे आणि महिना-साल नमूद केलेले छायाचित्रच असावे. यंत्राच्या साहाय्याने उजेड वाढवणे वा चौकट नीट करणे क्षम्य आहे. भिंतीवरील ओल पुसून टाकणे क्षम्य नाही. कोलूच्या बाहुल्या कशा गुंडाळाव्यात, फ्रीज ठेवण्यापूर्वी कसा कोरडा करावा, अशा माहितीपर मजकुराला यंत्राने काढलेली रेखाचित्रे जोडण्यास हरकत नाही. मात्र ती काल्पनिक आहेत असे खाली स्पष्ट लिहावे. चित्रातील तमिळ अक्षरे एखाद्या तमिळ वाचकाकडून वाचून घ्यावीत, कारण अशी यंत्रे चित्रांत अक्षरसदृश पण निरर्थक आकृती काढून ठेवतात.

आता या शहरातील सर्वांत नाजूक विषयाकडे वळू. चेन्नईचा वार्षिक पाऊस सुमारे 1400 मिलिमीटर; त्यातला अर्ध्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. 1 डिसेंबर 2015 रोजी सुरू झालेल्या वृष्टीत तांबरम येथे चोवीस तासांत 49 सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला, चेंबरम्बाक्कम तलावातून सोडलेले पाणी अड्यार नदीच्या दोन्ही काठांवर पसरले, आणि हजारो घरांच्या तळमजल्यांतील संसार चिखलात गेला. डिसेंबर 2023 मधील मिचौंग चक्रीवादळात वेळचेरी आणि पल्लिकरणै हे सखल भाग तर बुडालेच, पण अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतही कारखान्यांच्या यंत्रांना पाणी लागले. पल्लिकरणैची दलदल पावसाचे पाणी सामावून घेणारी नैसर्गिक जागा. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, परंतु तिच्या पुष्कळशा भागावर त्याआधीच वस्ती उभी राहिली होती. अशा शहरात ‘पूरमुक्त गोदाम’ हा शब्द जाहिरातीत वापरणे म्हणजे फार मोठी हमी देणे होय, आणि यंत्र तो शब्द सहज देते, कारण गिऱ्हाइकाची भीती ओळखून तिला उत्तर देणारा शब्द सुचवणे हेच त्याला शिकवलेले असते. त्याऐवजी 2015 आणि 2023 मध्ये या जागेत पाणी आले होते की नव्हते, आले असल्यास किती इंच, त्यानंतर कोणता बंदोबस्त केला आणि सामान जमिनीपासून किती उंचीच्या फळ्यांवर ठेवले जाते, एवढे लिहावे. गोदाम त्यानंतरचे असेल तर तसे सांगून, आसपास विचारपूस करून मिळालेली माहिती द्यावी. पाण्याइतकाच शत्रू म्हणजे समुद्रकाठची दमट खारी हवा; लोखंडी कपाटाला गंज, लाकडाला बुरशी, चामड्याला डाग हे येथे सावकाश परंतु निश्चितपणे घडते. दमटपणा मोजणारे उपकरण नसताना ‘हवामान-नियंत्रित’ असे लिहिणे हे सरळ असत्य आहे.

असत्य जाहिरातीस कायद्याचेही बंधन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. 9 जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक उपयुक्त नियम असा आहे, की मुख्य दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत त्याच्या अटी व मर्यादा लिहिल्या पाहिजेत. ठळक दावा तमिळमध्ये आणि अटी इंग्रजीत, ही पद्धत म्हणूनच टाकून द्यावी. यंत्राने मजकूर लिहिला होता, हा बचाव कोठेही चालणार नाही.

तो का चालणार नाही हे कॅनडातील एका निर्णयाने जगापुढे मांडले. आजीच्या मृत्यूमुळे तातडीने विमानप्रवास करावा लागलेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने सांगितले, की शोकप्रसंगीची सवलत प्रवासानंतरही अर्ज करून मिळू शकते. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हता. कंपनीने परतावा नाकारला आणि न्यायाधिकरणापुढे असा पवित्रा घेतला, की संवादयंत्राच्या बोलण्याचे उत्तरदायित्व तिच्यावर येत नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये हे म्हणणे अमान्य केले. संकेतस्थळावरील सर्व मजकुरास, मग तो स्थिर पानावर असो वा यंत्राच्या तोंडी, कंपनीच जबाबदार आहे, असे ठरवून नुकसानभरपाई देवविली. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देणाऱ्या यंत्राला ‘माझ्या आईचे दागिने खोक्यात ठेवले तर चालतील का’, ‘गॅसचे सिलिंडर ठेवू का’, ‘विम्यात पुराचे नुकसान येते का’ असे प्रश्न विचारले जाणारच. यांची उत्तरे त्याने आपल्या अकलेने देऊ नयेत. भाडे, पत्ता, वेळ, खोक्यांचे आकार एवढ्यापुरते त्याचे अधिकारक्षेत्र आखून द्यावे. विमा, नुकसान, थकबाकी, मनाई केलेला माल, कायदेशीर वाद आणि मृत व्यक्तीच्या सामानाचा ताबा या विषयांवर ‘आमचे माणूस आपल्याशी बोलेल’ असे सांगून ते माणसाकडे सोपवावे, आणि ते माणूस खरोखर त्या दिवशी बोलले पाहिजे. आपण यंत्राशी बोलत आहोत हे गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात कळले पाहिजे. त्याला एखादे तमिळ स्त्रीनाम देऊन कारकून म्हणून खपवणे मला अप्रामाणिक वाटते. दर आठवड्यास त्या संवादांतील काही संवाद मालकाने स्वतः वाचावेत. कोणता प्रश्न लोक वारंवार विचारतात आणि आपली वही कोठे अपुरी आहे, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही आकडेवारीतून कळत नाही.

यंत्राचे आणखी एक अज्ञान ध्यानात ठेवावे. जाहिरातींचे वर्षभराचे वेळापत्रक मागितले असता ते बहुधा पाश्चात्त्य उन्हाळ्यातील घरबदलाचा हंगाम आणि नाताळची सवलत यांवर आधारलेला आराखडा पुढे करते. चेन्नईचे पंचांग निराळे आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या आडि महिन्यात आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या मार्गळी महिन्यात येथील पुष्कळशी कुटुंबे घर बदलत नाहीत, गृहप्रवेश तर नाहीच नाही. या काळात ‘आजच घर हलवा’ अशी जाहिरात देणे हे पैसे वाया घालवणे तर आहेच, शिवाय लोकांच्या श्रद्धेबद्दलची बेपर्वाईही आहे. याउलट तै महिना लागला, पोंगल झाला, की गाड्या भरू लागतात. पोंगलच्या आदल्या दिवशी येथेही भोगीच असते, आणि त्या दिवशी जुन्या वस्तू घराबाहेर काढून जाळण्याची जी प्रथा आहे ती हवेच्या प्रदूषणामुळे टाळावी असे आवाहन तमिळनाडूचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करीत असते. जुने सामान जाळण्यापेक्षा कोणते द्यावे, कोणते विकावे आणि कोणते राखावे, याचे मार्गदर्शन त्या सुमारास प्रसिद्ध करणारा गोदामवाला लोकांच्या उपयोगी पडेल. यंत्राला आडि महिन्याबद्दल स्पष्ट विचारले तर ते सांगेलही. परंतु काय विचारावे हे ज्याला ठाऊक आहे अशा स्थानिक माणसावाचून ते ज्ञान निपचित पडून राहते. भाषेचेही तसेच. यंत्राचे तमिळ व्याकरणशुद्ध असले तरी बहुधा ग्रांथिक असते, आणि ते मैलापूरच्या आजीबाईंना परके वाटेल की आपुलकीचे, याचा निर्णय मराठी मालकाने स्वतः करू नये. गोदामात काम करणाऱ्या तमिळ सहकाऱ्यास मजकूर मोठ्याने वाचावयास लावावा. तो जेथे अडखळेल तेथे बदलावा, आणि या कामाबद्दल त्याला वेगळा मोबदला द्यावा.

भाड्याच्या बाबतीत यंत्राचा उपयोग फार सावधगिरीने करावा लागतो. मागणीनुसार रोज दर बदलणारी आणि जुने गिऱ्हाईक किती वाढ निमूटपणे सोसेल याचा अदमास करणारी प्रणाली परदेशी या धंद्यात पुष्कळ रुळली आहे. आरंभी अल्प भाडे दाखवून बोलवावे आणि सामान आत आले, की ते हलवण्याचा त्रास व खर्च त्याला नको असतो हे हेरून भाडे चढवीत न्यावे, अशी तिची रीत. हिशेबाच्या दृष्टीने ती फायद्याची असेल. पण ज्याचे सामान आपल्या कुलपात आहे त्याच्या अगतिकतेवर नफा काढणे हे निक्षेप सांभाळणाऱ्यास शोभत नाही. पहिल्या वर्षाचे भाडे, त्यानंतरच्या वाढीची कमाल मर्यादा, 18 टक्के वस्तू व सेवा कर, गाडीभाडे, हमाली, बांधणीचे साहित्य आणि सामान परत नेतानाचा आकार, ही सर्व बेरीज पहिल्याच दरपत्रकात दाखवावी. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने फसव्या मांडणीच्या 13 प्रकारांना मनाई करणारी तत्त्वे प्रसिद्ध केली; त्यांत खोटी घाई निर्माण करणे, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे, आणि एक दाखवून दुसरे गळ्यात मारणे यांचा समावेश आहे. ‘फक्त दोन जागा शिल्लक’ हे वाक्य यंत्राचे फार आवडते आहे. गोदामात खरोखर दोनच जागा शिल्लक असतील तर ते जरूर लिहावे, आणि तिसरी रिकामी होताच बदलावे.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय यंत्राकडून लिहवून घेणे ही लबाडी आहे. याहून अधिक विवेचनाची गरज नाही. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक तयार केले आहे, आणि अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून खोट्या अभिप्रायांवर, यंत्रनिर्मित अभिप्रायही त्यांत आले, बंदी घालणारा नियम अमलात आला आहे. वाईट अभिप्रायास उत्तर देताना यंत्राची मदत घ्यावी ती संयमित भाषेपुरती. चौकशी मात्र स्वतः करावी.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती माहितीची. गोदामवाल्याच्या दफ्तरी काय काय साठते याचा विचार करा. अमुक कुटुंब अमुक तारखेपासून परदेशी आहे, त्यांचे घर बंद आहे, वृद्ध आई एकटी मागे राहिली आहे, त्यांच्या सामानात अमुक किमतीच्या वस्तू आहेत. अमुक दांपत्य विभक्त होत आहे, अमुक घरात मृत्यू झाला, अमुक व्यापाऱ्याचे दुकान बंद पडले. माणसे सामान हलवतात ती बहुधा आयुष्य हलले म्हणून. ही फेरिस्त, खोक्यांची छायाचित्रे, आधारपत्राची प्रत आणि करारनामा, असे सर्व साहित्य एखाद्या सार्वजनिक संवादयंत्रात टाकून ‘यांच्यासाठी प्रभावी संदेश लिहून दे’ असे सांगणे, म्हणजे विश्वासाने दिलेली अमानत तिसऱ्याच्या हवाली करणे होय. नावे, पत्ते, दूरध्वनी, वस्तूंच्या याद्या आणि तारखा वगळून केवळ सर्वसाधारण स्वरूपात प्रश्न विचारावा. कर्मचाऱ्यांना कोणती माहिती कोणत्या साधनात घालण्यास सक्त मनाई आहे हे लेखी द्यावे, आणि साधनाच्या सेवाकरारात आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही अशी तरतूद आहे की नाही हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमती विशिष्ट हेतूपुरती, मोकळ्या मनाने दिलेली आणि दिली तितक्याच सहजतेने परत घेता येणारी असली पाहिजे. आणि सूचना इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय गिऱ्हाइकास मिळाला पाहिजे. साठवणुकीसाठी दिलेली संमती जाहिरातीसाठी दिलेली संमती नव्हे, म्हणून अर्जावर त्यांची निरनिराळी घरे ठेवावीत, आणि दुसरे घर आधीच खूण करून देऊ नये. सामान परत गेले, हिशेब मिटला आणि कायद्याने राखावयाची मुदत संपली, की माहिती नष्ट करावी.

याच संदर्भात जाहिरात कोणाला उद्देशून पोहोचवावी याबद्दल. समाजमाध्यमांवरील यंत्रणा माणसांच्या हालचालींवरून कोण घर सोडणार, कोणाच्या घरी दुःख घडले, याचा अदमास बांधू शकतात, आणि त्या अदमासावर जाहिरात पोहोचवण्याचा मार्ग धंद्याला खुला असतो. शोकग्रस्त माणसाला त्याच आठवड्यात ‘वडिलांचे सामान आमच्याकडे ठेवा’ असा संदेश जाणे यात मला क्रौर्य दिसते. विभाग, घरबदलाविषयी स्वतः केलेला शोध आणि स्वतः विचारलेली पृच्छा, एवढ्या आधारांवर जाहिरात पोहोचवावी; मृत्यू, आजार, घटस्फोट व कर्ज यांच्या अदमासावर नाही. चक्रीवादळाचा इशारा निघाल्यानंतर आपोआप चालणाऱ्या जाहिराती आणि आपोआप वाढणारे दर तत्काळ थांबवण्याचा अधिकार एका नेमलेल्या माणसाच्या हाती असावा, आणि हवामान खात्याच्या नारिंगी इशाऱ्याबरोबर त्याने तो बजावावा. त्या दिवसांत फोनवर येणाऱ्या घाबऱ्या आवाजाशी माणसानेच बोलावे. लघुसंदेश पाठवावयाचे तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे शीर्षक आणि नमुना आधी नोंदवावा लागतो, आणि त्रासलेला ग्राहक 1909 वर तक्रार करू शकतो; यंत्राने रोज नवे संदेश रचून दिले तरी ही नोंदणी चुकत नाही.

लहान धंदेवाल्यास हे सर्व जड वाटेल, पण त्याला मोठे खाते उघडावे लागत नाही. वहीसाठी एक दिवस, आठवड्यातून संवाद वाचण्यास एक तास, आणि प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक जाहिरातीची एक प्रत, ती कोणत्या साधनाने रचली व कोणी तपासली याच्या नोंदीसह, फायलीत लावण्याची सवय, एवढ्यावर बहुतेक काम भागते. दरवर्षी सप्टेंबर संपण्यापूर्वी, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्याआधी, मालकाने आपल्या चालू जाहिराती कागदावर छापून घ्याव्यात आणि व्यवस्थापकास बरोबर घेऊन गोदामात फिरावे. कॅमेऱ्याचा उल्लेख आला तेथे कॅमेरा चालू आहे का पाहावे, उंच फळ्यांचा उल्लेख आला तेथे फुटपट्टी लावावी, पहारेकऱ्याचा उल्लेख असेल तर रात्री एक फेरी मारावी. जे वाक्य जागेवर खरे उतरत नाही त्यावर रेघ ओढावी, आणि त्याच दिवशी ते संकेतस्थळावरून, समाजमाध्यमांवरून व संवादयंत्राला दिलेल्या वहीतूनही काढून टाकावे.